नादाचे मोल : महाग हेडफोनची परीक्षा कशी करावी?

मनुष्य ज्या वस्तू विकत घेतो त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. तांदूळ, कापड, लोखंड यांसारख्या वस्तूंचे प्रमाण तराजूने किंवा मापाने ठरते, आणि त्याबाबत गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यात फारसा वाद उरत नाही. परंतु अत्तराचा सुवास, आंब्याची गोडी किंवा नादाची मधुरता ही अनुभवावाचून कळत नाहीत. आणि अनुभव हा ज्याचा त्यालाच येत असल्यामुळे येथे दुकानदाराच्या वाणीला, वस्तूच्या नावाला व तिच्या किमतीला मोठा वाव मिळतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या वर्गातील एका वस्तूचा विचार करणार आहोत. ती वस्तू म्हणजे हेडफोन.

महाड व पोलादपूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले आहेत. येथील कित्येक घरांचा संसार मुंबईस असलेल्या मुलाच्या वा बंधूच्या कमाईवर चालतो. अशा ठिकाणीही आज एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या चार तरुणांपैकी दोघांच्या कानांत काही ना काही घातलेले दिसते. त्यात वावगे काही नाही. गाणे ऐकण्याची हौस ही निर्मळ हौस आहे. तथापि या वस्तूंच्या किमती पाहिल्या म्हणजे मन थबकते. शेदोनशे रुपयांपासून आरंभ होऊन पाच हजार, पंचवीस हजार, लाख अशी ही शिडी वर वर चढत जाते. सेन्हायझर या जर्मन कंपनीने २०१५ साली जाहीर केलेल्या एका हेडफोन-संचाची किंमत तर सुमारे ५० हजार युरो, म्हणजे आपल्या चलनात कित्येक लाख रुपये होती! तेव्हा सहज प्रश्न उद्भवतो की, जेथे किंमत शंभरपट होते तेथे नादही शंभरपट चांगला होतो काय? होत नसेल, तर चांगला आहे किंवा नाही हे सामान्य मनुष्याने कसे ओळखावे? ज्या घरी वीस हजार रुपयांत एका मुलाचे वर्षभराचे शिक्षण होऊ शकते, त्या घरी हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

प्रथम या यंत्राची रचना समजून घेऊ. वस्तू कंप पावली म्हणजे भोवतालच्या हवेत लहरी उत्पन्न होतात आणि त्या कानाच्या पडद्यावर आदळल्या म्हणजे आपणांस नादाची जाणीव होते. एका सेकंदात जितकी आंदोलने होतात तितका स्वर उंच. निरोगी तरुण मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची आंदोलने ऐकू येतात. वय वाढत जाते तशी वरची मर्यादा खाली उतरत जाते. नेहमीच्या हेडफोनमध्ये एक पातळ पडदा, त्यास चिकटविलेले बारीक तारेचे वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक अशी मांडणी असते. गाण्याच्या लहरींनुरूप बदलणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून गेला म्हणजे चुंबकाच्या योगाने ते पुढेमागे हलते, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्याबरोबर हवा. तत्त्व इतकेच आहे. दोनशे रुपयांच्या व वीस हजारांच्या यंत्रांत बहुधा हेच तत्त्व असते. फरक असतो तो पडद्याच्या द्रव्यात, जुळणीच्या काटेकोरपणात आणि पडद्याभोवतालच्या पोकळीच्या घडणीत.

या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील नॅथॅनिअल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरातील मेजावर तयार केलेले श्रवणसाधन १९१० च्या सुमारास अमेरिकन आरमाराने विकत घेतले. त्याचा उपयोग गाण्यासाठी नसून बिनतारी संदेश ऐकण्यासाठी होता. वर सांगितलेल्या हलत्या वेटोळ्याचा हेडफोन जर्मनीत बायर यांच्या कारखान्यातून १९३७ साली बाहेर पडला. दोन्ही कानांस निरनिराळे नाद देऊन संगीत ऐकविणारा हेडफोन १९५८ साली अमेरिकेतील जॉन कॉस यांनी पुढे आणला, आणि १९६८ साली सेन्हायझरने पाठीमागून उघडा असलेला हलका हेडफोन काढला. म्हणजे जे साधन प्रथम संदेशवाहकाच्या कामाचे होते, ते अर्ध्या शतकाच्या आत रसिकांच्या हौसेचे झाले. आणि वस्तू हौसेची झाली की तिची किंमत केवळ उपयुक्ततेवर ठरत नाही, हा व्यवहाराचा नियमच आहे.

आता चांगला नाद म्हणजे काय, ते पाहू. याची चार अंगे आम्हास मुख्य वाटतात. पहिले अंग समतोल. खर्ज, मध्य आणि तार या सर्व सप्तकांतील नाद योग्य प्रमाणात ऐकू आले पाहिजेत. ढोल इतका घुमू नये की गायकाचे शब्दच बुडावेत, आणि झांज इतकी चिरकू नये की कान किटावेत. दुसरे अंग शुद्धता. मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते यंत्राने पदरचे घालता कामा नये. फुटका, घरघरणारा नाद हा या दोषाचा परिणाम होय. तिसरे अंग दोन्ही कानांचे साम्य. डावी व उजवी बाजू सारखी नसेल तर समोर बसून गाणारा गायक एका खांद्याकडे सरकल्यासारखा वाटतो. चौथे अंग बैठक. कानावर वा कानात यंत्र नीट बसले नाही तर फटीतून खर्जाचे स्वर निसटून जातात, आणि उत्तम यंत्रही पोकळ वाजते. या शेवटच्या अंगाकडे लोकांचे दुर्लक्ष होते. परंतु एकच हेडफोन एकास भारदस्त व दुसऱ्यास किरटा का वाटतो, याचे कारण पुष्कळदा डोक्याच्या व कानाच्या घडणीत सापडते.

येथे कोणी म्हणेल की, मग सर्व आंदोलने अगदी सारख्या जोराने वाजविणारे यंत्र करावे, म्हणजे झाले! पण गोष्ट इतकी सोपी नाही. आपण नाद ऐकतो तो नेहमी कोठल्या तरी जागेत ऐकतो, आणि जागा नादाला आपले रूप देते. महाडजवळच्या गंधारपाले लेण्यांत उभे राहून हाक मारा आणि तीच हाक नंतर खाली भातखाचरांत येऊन मारा. कंठ एकच, पण नाद दोन. दगडी भिंतींवरून परतणाऱ्या लहरी लेण्यात मूळ आवाजात मिसळतात, उघड्या शेतात त्या परत येत नाहीत. महाड तालुक्यातीलच दुर्गराज रायगडावर सिंहासनाच्या जागेपासून नगारखान्याच्या दरवाजापर्यंतचे अंतर दोनशे फुटांच्या घरात आहे. तरीही एका टोकाचे हलके बोलणे दुसऱ्या टोकास ऐकू येते, याचा अनुभव गडावर जाणारे लोक हौसेने घेतात. सारांश, जागा ही नादाची दुसरी जननी आहे. शिवाय आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी यांच्या आकारामुळे तीन हजार आंदोलनांच्या आसपासचे नाद पडद्यापर्यंत पोहोचेतो पुष्कळ बळावतात. हेडफोन हा जागेला वगळून कानाशी एकदम सलगी करतो. म्हणून त्याने जागेची व कानाच्या घडणीची ही भर आपल्या अंगी आणली, तरच ऐकणारास नाद स्वाभाविक वाटतो.

ही भर किती असावी, याचा शोध अमेरिकेतील हार्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून पद्धतशीरपणे केला. ऐकणारास यंत्राचे नाव वा किंमत कळू न देता निरनिराळे नाद त्यास ऐकवावयाचे आणि त्याची पसंती टिपून घ्यावयाची, अशी त्यांची रीत होती. अमेरिका, कॅनडा, जर्मनी व चीन या चार देशांतील २३८ श्रोत्यांवर केलेल्या त्यांच्या एका प्रयोगात असे दिसले की, देश, वय व अनुभव निरनिराळे असूनही बहुतेकांची आवड बरीचशी एकसारखी आहे. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण जो विषय सोडून देतो, तो दिसतो तितका मनमानी नाही, हा या संशोधनाचा मोठा बोध होय. चांगल्या नादास काही एक सर्वसाधारण कसोटी आहे. फक्त ती लावताना नाव व किंमत दृष्टीआड ठेविली पाहिजे.

किमतीविषयी तर याहूनही स्पष्ट पुरावा उपलब्ध आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात २८३ हेडफोनांची मोजमापे व त्यांच्या बाजारातील किमती यांची तुलना केली होती. कोणता हेडफोन कोणत्या आंदोलनांना किती जोर देतो याचा त्याच्या किमतीशी काही संबंध आढळला नाही, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. म्हणजे महाग यंत्र वाईटच असते असे नव्हे, आणि स्वस्त यंत्र चांगलेच असते असेही नव्हे. किंमत पाहून समतोलाविषयी काहीच अनुमान करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही आपल्याकडची म्हण येथे काही यंत्रांना लागू पडते. आणि काही ठिकाणी हाती सोने असून नाव मात्र कोणास ठाऊक नसते, असाही प्रकार घडतो.

मग जास्तीचा पैसा जातो तरी कोठे? न्यायबुद्धीने पाहता त्यातील काही भाग सार्थकी लागतो. मऊ व टिकाऊ गाद्या, डोक्यास न रुतणारी धातूची पट्टी, बदलता येणारी तार, मोडल्यास मिळणारे सुटे भाग, दोन्ही बाजूंच्या पडद्यांची बारकाईने लावलेली जोडी, बाहेरचा गोंगाट शमविणारी योजना, या सर्वांस खर्च येतो. परंतु जाहिरात, सुंदर पेटी, मर्यादित संख्येची प्रौढी आणि नाव यांसही खर्च येतो, आणि तोही गिऱ्हाईकाच्याच माथी बसतो. सामान्यतः असे दिसते की, अगदी हलक्या प्रतीच्या यंत्राकडून मध्यम किमतीच्या चांगल्या यंत्राकडे जाताना नादात पडणारा फरक कोणाच्याही ध्यानात येतो. त्यापुढे मात्र किंमत झपाट्याने चढते आणि गुण मंदपणे सरकतो. पोलादपूरहून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटातल्या रस्त्याप्रमाणे, वळणे पुष्कळ घेतली तरी सरळ अंतर थोडेच तुटते.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. यंत्र फसविते त्याहून अधिक आपला कानच आपणांस फसवितो, हे परीक्षकाने विसरू नये. या फसवणुकीचे तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार आवाजाच्या मोठेपणाचा. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर व मन्सन यांनी असे दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानास खर्जाचे व फार उंच स्वर मध्यम स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. आवाज वाढविला की ते भरून येतात. यामुळे दोन सारख्या यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते तेच अधिक भरदार व स्पष्ट भासते. दुकानात एक यंत्र थोडे मोठ्याने व दुसरे थोडे हळू वाजविले गेले, तर निकाल परीक्षेपूर्वीच लागलेला असतो.

दुसरा प्रकार अपेक्षेचा. मनुष्य जेव्हा वीस हजारांची वस्तू हाती घेतो, तेव्हा तिच्यात वीस हजारांचा गुण सापडावा अशी त्याची मनोमन इच्छा असते. ती इच्छा खोटे बोलत नाही, ती खरोखरच नादात गोडवा ऐकविते. म्हणून अशा माणसास लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या साक्षीवर दुसऱ्याने पैसे खर्च करणे हेही शहाणपणाचे होणार नाही.

तिसरा प्रकार स्मृतीचा व सवयीचा. नादाच्या सूक्ष्म भेदांची आठवण फार थोडा वेळ टिकते. काल मित्राकडे ऐकलेले यंत्र आणि आज दुकानात ऐकलेले यंत्र यांची तुलना ही बहुतांशी कल्पनेची तुलना असते. उलटपक्षी, कोणताही हेडफोन आठवडाभर वापरला की कान त्याच्या दोषांना सरावतो, आणि मग ‘यंत्र वापरून वापरून सुधारले’ असे लोक म्हणू लागतात. सुधारणा बहुधा यंत्रात नसून ऐकणाराच्या सवयीत झालेली असते.

या तिन्ही फसवणुकींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे झाकली परीक्षा. ती घरच्या घरी अशी करता येईल. दोन हेडफोन घ्यावेत, आणि परीक्षा देणारास त्यांच्या किमती सांगू नयेत. त्याने डोळे मिटून बसावे व हात मांडीवर ठेवावेत. यंत्रास त्याने स्पर्श करू नये. दुसऱ्याने त्याच्या कानांवर यंत्र नीट बसवावे आणि एकच गाणे, त्याचा एकच तुकडा, शक्य तितक्या सारख्या आवाजात वाजवावा. आवाज सारखा करणे हे या परीक्षेचे मर्म आहे, त्यात आळस करू नये. कोणते यंत्र आधी लावावयाचे, हे प्रत्येक वेळी नाणे उडवून ठरवावे. ऐकणाराने फक्त ‘पहिले बरे’ किंवा ‘दुसरे बरे’ एवढेच सांगावे व तिसऱ्याने ते कागदावर टिपावे. असे दहा वेळा झाल्यावर कागद उघडावा.

निकाल वाचताना थोडे गणित उपयोगी पडते. कोणताही भेद कळत नसता केवळ अंदाजाने बोलणाऱ्या मनुष्याचा कौलही दहांपैकी सात किंवा अधिक वेळा महाग यंत्राच्याच बाजूने पडण्याचा संभव शंभरात सुमारे सतरा इतका असतो. म्हणून सातावर भुलू नये. नऊ किंवा दहा वेळा कौल महाग यंत्रास मिळण्याचा संभव मात्र शंभरात सुमारे एक इतकाच असतो. तेव्हा असा निकाल आला तर पसंती खरी मानण्यास हरकत नाही. यंत्राच्या वजनावरून व गादीच्या स्पर्शावरून ऐकणारास थोडी अटकळ येते, हा या परीक्षेतील उणेपणा खरा. परंतु कोणते महाग हे त्यास ठाऊक नसेल, तर त्या अटकळीचा जोर पुष्कळ कमी होतो.

अशा झाकल्या परीक्षेपुढे मोठमोठे दावे कसे टिकत नाहीत, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर नादाचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यामुळे मनुष्याच्या कानास ऐकू येणारी सर्व आंदोलने तीत सामावतात. पुढे याहून सूक्ष्म मुद्रणाच्या महाग तबकड्या निघाल्या व त्यांचा नाद उघडच श्रेष्ठ आहे असे सांगितले जाऊ लागले. २००७ साली अमेरिकेतील मेयर व मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तोच सूक्ष्म नाद एकदा जसाच्या तसा व एकदा सीडीच्या मापात उतरवून ऐकविण्यात आला. ५५४ वेळा विचारणा झाली आणि २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडविल्याने जितके आले असते जवळजवळ तितकेच. हेडफोनांची गोष्ट काहीशी वेगळी आहे हे येथे सांगितले पाहिजे. दोन हेडफोनांच्या नादात भेद असतो आणि तो बहुधा सहज कळतो. पण भेद असणे आणि श्रेष्ठता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानात ‘वेगळे’ ऐकू आले की आपण ‘चांगले’ ऐकू आले असे समजतो, तेथे घोटाळा होतो.

परीक्षेसाठी काय ऐकावे, हेही महत्त्वाचे आहे. जे नाद आपण प्रत्यक्ष, यंत्रावाचून ऐकलेले आहेत, तेच कसोटीस घ्यावेत. आपल्या प्रांतात अशा नादांची वाण नाही. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्यास जो गेला आहे, त्यास ढोल, ताशे व सनई एकाच वेळी वाजत असता प्रत्येक वाद्य कसे निरनिराळे ओळखू येते हे ठाऊक असते. हेडफोनात ती सर्व मिळून एकच गलका झाला तर यंत्र उणे समजावे. भजनातील मृदंग घ्या. त्याच्या धुमेचा घुमारा आणि शाईच्या बाजूचा टणत्कार ही दोन्ही एकमेकांस न झाकता ऐकू आली पाहिजेत. या शाईचे मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनी उलगडले होते. साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर असतात, परंतु मृदंग व तबला यांवरील शाईच्या थरामुळे ते सुरेल होतात, असे त्यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह दाखवून दिले. नोबेल पारितोषिक त्यांस पुढे १९३० साली प्रकाशावरील संशोधनासाठी मिळाले, पण भारतीय वाद्यांवरील त्यांचे हे कार्यही तितक्याच आवडीने वाचण्याजोगे आहे.

याहून कडक कसोटी तंबोऱ्याची. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी अशी काढतात, आणि तारेखाली सुताचा बारीक धागा असा सरकवितात, की एका तारेतून मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा एक थवाच्या थवा उठतो. हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे चढत जातात. हेडफोन चांगला असेल तर तंबोऱ्याचा नाद कानाभोवती उकलत गेल्यासारखा वाटतो. यंत्र मंद असेल तर नुसता गुणगुणाट राहतो, आणि अतिरेकी असेल तर तारेचा खणखणाट तेवढा टोचतो. शेवटची कसोटी मनुष्याच्या आवाजाची. आईचा, गुरुजींचा, मित्राचा आवाज आपण जन्मभर ऐकतो, आणि त्यातील लहानसा बिघाडही कान तत्काळ ओळखतो. परिचिताचा आवाज मोबाईलवर शांत जागी नीट मुद्रित करून तो हेडफोनातून ऐकावा. तो मनुष्य नाकात बोलतो आहे किंवा घागरीत तोंड घालून बोलतो आहे असे वाटले, तर यंत्राची किंमत विचारण्याचेही कारण उरत नाही.

कसोटीची ही रीत आमच्या बाजारहाटाला नवी नाही. कुंभाराकडून मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर ते नीट भाजलेले व अभंग; बद्द वाजले तर कोठे तरी चीर आहे. मडक्यावरील नक्षी पाहून ती मोल करीत नाही. हीच बुद्धी हजारो रुपयांची वस्तू घेताना आपण का बाजूस ठेवावी?

यंत्र उत्तम असूनही नाद वाईट येण्याची कारणे यंत्राबाहेरही असतात. जे मुळात मुद्रित झालेले नाही, ते कोणताही हेडफोन ऐकवू शकत नाही. १९२५ पर्यंतच्या ग्रामोफोनच्या तबकड्या विजेच्या साहाय्यावाचून, नुसत्या कर्ण्यात गाऊन मुद्रित होत असत; त्यांत खर्जाचे व फार उंच स्वर आलेलेच नाहीत. अशा तबकडीचे गाणे महाग हेडफोनात ऐकले तर गायक अधिक स्पष्ट होतो असे नव्हे, उलट खरखर अधिक स्पष्ट होते. तसेच मोबाईलमध्ये जागा वाचावी म्हणून गाणे फार दाबून साठविले असेल तर त्यातील सूक्ष्म अंश आधीच गळून गेलेले असतात. काही हेडफोनांचा विद्युत्-अडथळा तीनशे ओहमपर्यंत असतो. साध्या मोबाईलच्या बळावर ते पुरेसे वाजत नाहीत, आणि मग वेगळे वर्धक यंत्र घ्यावे लागते. हा दुसरा खर्च दुकानदार पहिल्या दिवशी सांगेलच असे नाही. म्हणून वस्तू ज्या मोबाईलवर वापरावयाची, त्याच मोबाईलला जोडून ती पाहावी.

आता एक गोष्ट, जी आम्हास या सर्व विवेचनाहून मोठी वाटते. हेडफोन कितीही उंची असला तरी अखेर ऐकणारे इंद्रिय कान हेच आहे. कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या नादाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. फार मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्या तर मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेलची आहे. आवाज दर ३ डेसिबेलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबेलला २० तास, ८६ डेसिबेलला केवळ १० तास. असुरक्षित रीतीने ऐकण्यामुळे जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीस धोका आहे, असे याच संघटनेचे सांगणे आहे.

एस.टी.त बसून कशेडी घाट चढताना यंत्राच्या घरघरीवर मात करावी म्हणून मनुष्य नकळत आवाज वाढवितो, आणि गाडीतून उतरल्यावर तो तसाच राहतो. अशा ठिकाणी कान नीट झाकणारा, बाहेरचा गोंगाट अडविणारा हेडफोन असेल तर कमी आवाजात काम भागते. या एका कारणासाठी थोडे अधिक पैसे खर्च करणे आम्ही योग्य समजू. परंतु तोच झाकलेला कान घेऊन मुंबई-गोवा महामार्ग ओलांडणे हे मात्र जिवावरचे साहस होय. रस्त्यावर असताना कान मोकळे ठेवावेत, याविषयी दुमत असू नये.

तात्पर्य काय? महाग हेडफोन घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यास गायन-वादन शिकावयाचे आहे, ध्वनिमुद्रणाचे काम करावयाचे आहे, किंवा दिवसाचे कित्येक तास कानावर यंत्र वागवावे लागते, त्याने समतोल नादाचे, आरामशीर व दुरुस्त होऊ शकणारे यंत्र अवश्य घ्यावे. त्याचा पैसा वाया जाणार नाही. परंतु ते यंत्र त्याने झाकल्या परीक्षेने निवडावे. परीक्षेत महाग व मध्यम यंत्रांतील भेद कळला नाही, तर उरलेल्या रकमेत एखाद्या गुरूकडे सहा महिने गाणे शिकता येईल, आणि शिकलेला कान साध्या यंत्रातूनही पुष्कळ ऐकू लागेल. आणि परीक्षेत महाग यंत्रच निःसंशय सरस ठरले, तरी ऋण काढून ते घ्यावे इतके मोठे सुख त्यात नाही.

विद्यार्थिमित्रांनो, वरील परीक्षा एखाद्या रविवारी चारजणांनी मिळून अवश्य करून पाहावी. तीस एक चादर, एक नाणे, एक कागद आणि दोन हेडफोन एवढेच साहित्य लागते. निकाल आपल्या अपेक्षेच्या उलट लागला तरी तो तसाच लिहून ठेवावा. कारण जे ऐकू आले तेच सांगणे आणि जे ऐकू आले नाही ते न सांगणे, हा धडा हेडफोन जुना होऊन अडगळीत गेल्यावरही उपयोगी पडणारा आहे.